उलटी झिजलेली निब

माझ्या आईचं अक्षर मी ऑइलस्टोनवर घासून टाकलं. तेलाचे दोन थेंब टाकून, चष्मा पुसून, अगदी शिस्तीत. सांगणारा माणूस नको म्हणत होता तरी मी केलं, त्यामुळे चुकून झालं असं म्हणायचीही सोय नाही. आईनं मला कधीच माफ केलंय, पण तो तिचा मोठेपणा. माझा हिशोब अजून मिटलेला नाही.

वडील गेले आणि डोंबिवलीची जागा बंद करून मी आईला माजिवड्याला आमच्याकडे आणलं. तेव्हा ती त्र्याऐंशीची होती. येताना तिनं दोनच पिशव्या घेतल्या, एकीत साड्या आणि दुसरीत देव. बाकीचं तूच बघ म्हणाली. वडिलांचं कपाट आवरताना चष्म्याच्या जुन्या डबीत मला हे पेन मिळालं. काळपट, जाडजूड, ड्रॉपरनं शाई भरायचं. घरात त्याला सगळे 'बाबांचं पेन' म्हणायचे. ते रोज त्यांच्या खिशाला असायचं आणि दसऱ्याला पाटावर पूजेत असायचं. आई त्याला हळद-कुंकू वाहायची, मग माझ्या कंपासपेटीला, मग शिवणाच्या मशीनला. बाबांनी ते पहिल्या पगारातून घेतलं ही गोष्ट मला लहानपणापासून पाठ होती. शाळेत त्यावर मी निबंधही लिहिला होता.

आईचा आणि लिहिण्याचा संबंध आमच्या घरात कुणी जोडला नव्हता. ती वाचायची, पेपर तर जाहिरातींसकट वाचायची, पण लिहायची वेळ आली की मागे सरायची. सही करायची तीही कोंबडीनं पाय उमटवल्यासारखी. आजीपासून आम्हा पोरांपर्यंत सगळ्यांनी त्या सहीची यथेच्छ टिंगल केली. वडिलांच्या मागे तिच्या नावानं पेन्शन चालू करायला बँकेत गेलो, तेव्हा तिला एवढा वेळ लागला की काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, अंगठा द्या, सोप्पं पडेल." मीच मोठ्या समजूतदारपणे म्हणालो, "सवय नाही हो तिला लिहायची." आईनं पेन पुन्हा टेकवलं. कशीबशी सही पुरी करून उठली.

वर्षश्राद्धाला तीन आठवडे होते. मी ठरवलं, त्या दिवसापर्यंत बाबांचं पेन लिहितं करायचं आणि त्यांच्या फोटोपुढे ठेवायचं. बायको म्हणाली, "अहो, पण बाबा लिहायचे तर बॉलपेननं." मी तिच्यावर खेकसलो. वागळे इस्टेटला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी अख्खी नोकरी काढली. केसाएवढा फरक मी बोटानं सांगू शकतो. माझ्यासमोर पेन म्हणजे काय मोठं, असं मला वाटत होतं.

पेन सुकलेल्या शाईनं जाम झालं होतं. यूट्यूबवर एका गृहस्थांनी सांगितलं की गरम पाण्यात ठेवा, सुटेल. ठेवलं. सुटलंही. पण तासाभरानं बाहेर काढलं तर काळपट तपकिरी नळी शेवाळ धरल्यासारखी हिरवट झाली होती. त्या गृहस्थांना मी मनातल्या मनात जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग मात्र नाक मुठीत धरून जाणकार शोधायला निघालो.

जाणकार सापडला कोपरीत, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, किडकिडीत, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. पुढ्यात बशीभर निबा. पेन हातात घेऊन त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं, "गरम पाण्यात घातलंत ना?"

मी मान डोलावली.

"एबोनाइट आहे हो हे. रबर कडक करून केलेलं. गरम पाणी लागलं की रंग सोडतं." त्यांनी नळी फडक्यानं जोरजोरात घासली आणि माझ्या नाकाशी धरली. पेटलेल्या काडीसारखा गंधकाचा वास आला. "प्लास्टिकला असा वास येत नाही. आणि ह्या बारीक रेघा बघा. हातानं लेथवर काढलंय. बॉलपेनं घरोघर यायच्या आधीचं पेन. नाव पुसून गेलंय, त्यामुळे नक्की साल कुणी सांगितलं तर तो थापा मारतोय समजा."

हा माणूस मला आवडायला लागला होता. क्लिपच्या फटीतून त्यांनी सुईनं लाल काहीतरी उकरलं. मी घाईनं म्हणालो, "शाई नाही ती, कुंकू आहे. दसऱ्याचं."

"ठाऊक आहे. निम्म्या पेनांत निघतं," ते म्हणाले आणि ते कणभर कुंकू त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिलं. मग टोपणाखालचा भाग दाखवला. तो कोळशासारखा काळा होता. उघड्यावरची नळी, गरम पाण्याच्या हिरव्या डागांमध्ये जिथे आधीचा रंग उरला होता तिथे, तपकिरी होती. "उजेडानं हा रंग उडतो. इथे एवढा फरक पडलाय, म्हणजे टोपण वर्षानुवर्षं फारसं काढलेलंच नाही. पण निब बघा. निब झिजून झिजून चपटी झालीय. म्हणजे आधी कुणीतरी वह्यांच्या वह्या लिहिल्या आणि मग एकदम बंद." भिंग लावून ते बराच वेळ टोक निरखत बसले. "तुमचे वडील डावखुरे होते?"

"छे."

"मग हे पेन त्यांचं नाही."

माझं डोकं सटकलं. "अहो, पहिल्या पगारातून घेतलंय त्यांनी! मी जन्मापासून बघतोय."

"खिशाला लावत असतील. लिहिणारा वेगळा. उजव्या हाताची निब ह्या अंगाला झिजते. ही तिकडच्या अंगाला झिजलीय." ते शांतपणे म्हणाले. "मी साफ करून देतो, शाई वाहती करतो. पण टोकाला दगड लावणार नाही, आणि तुम्हीही लावू नका. कुणाच्या तरी हाताला बसलेली निब आहे ती."

दोन दिवसांनी पेन घेतलं आणि रिक्षाही न करता खोपटपर्यंत चालत आलो, एवढा रागावलो होतो. डावखुरा म्हणे! गुडघ्याला बाशिंग बांधून आमच्या घरचा इतिहास सांगायला निघालाय.

घरी येऊन शाई भरली आणि लिहून पाहिलं. खर्र, खर्र. कागद ओरबाडत होतं. मला एकदम बाबा आठवले. तेही कधीमधी हे पेन काढायचे, दोन शब्द लिहायचे, 'फार खरखरतं' म्हणायचे आणि पुन्हा खिशाला लावून बॉलपेन घ्यायचे. मी निष्कर्ष काढला की टोकातच दोष आहे आणि इतक्या वर्षांत ते सरळ करणारा माणूस भेटला नाही, एवढंच. आता भेटलाय. वाकडी कड दिसली की ती सरळ करायची, याचाच तर पगार मला मिळत होता. हात नुसते शिवशिवत होते. हत्यारांना धार लावायचा ऑइलस्टोन काढला आणि टोक घासायला बसलो.

वीस मिनिटं लागली. टोक भिंगाखाली देखणं, चोख दिसायला लागलं. कागदावर श्री काढला. पेन लोण्यावरून फिरावं तसं फिरलं. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की त्याची आता लाज वाटते.

आई स्वयंपाकघरात मोड आलेले वाल सोलत बसली होती. तिला गंमत सांगावी म्हणून मी पेन घेऊनच गेलो.

"बाबांचं पेन लिहायला लागलं बघ. आणि ऐक, तो कोपरीचा म्हातारा काय म्हणतो माहितीये? बाबा डावखुरे होते म्हणे!"

मला वाटलं ती हसेल. तिच्या हातातला वाल हातातच राहिला. मग तिनं पदराला बोटं पुसली आणि म्हणाली, "बघू."

तिनं पेन डाव्या हातात घेतलं.

ते घेणंच वेगळं होतं. मायक्रोमीटर हातात घेताना मला विचार करावा लागत नाही, तसं तिनं ते घेतलं. टोपण काढून मागे लावलं, भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान ओढून घेतलं, तिरकं धरलं आणि कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. पेन अडलं. तिनं ते किंचित फिरवलं, परत टेकवलं. कागद टरकला, शाईचा ठिपका पडला. तिसऱ्यांदा तिनं प्रयत्न केला आणि थांबली.

"हे असं नव्हतं," ती म्हणाली. "काय केलंस रे याला?"

बासष्ट वर्षांत मी आईच्या डाव्या हातात पेन पाहिलं नव्हतं. मी तिच्यासमोर फरशीवर बसलो. काय केलं ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि मग वाल सोलता सोलता मला जे सांगितलं ते तिनं सबंध संसारात कुणाला सांगितलं नव्हतं.

"आमच्या वाडीतले सगळे बाप्ये मुंबईला. बायका दुपारच्या माझ्याकडे यायच्या, पत्रं लिहून घ्यायला. सातवीची फायनल पास झाले म्हणून वडलांनी मला हे घेऊन दिलं होतं. शाळेत मास्तर डाव्या हातावर मारायचे. वडलांनी जाऊन सांगितलं, अक्षर चांगलं येतंय ना, मग कुठल्या हातानं का येईना. रोज चार-पाच पत्रं व्हायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा पोर आजारी, कुणाला पैसे हवेत. नवऱ्याला लिहायचं ते लाजून बोलायच्या नाहीत, मग मीच आपलं घालायची दोन शब्द." ती जराशी हसली. "लग्न होऊन डोंबिवलीस आले. माहेरी पोचल्याचं पत्र लिहायला बसले तर तुझ्या आजीनं पाहिलं. म्हणाली, डाव्या हातानं लिहिलेलं ह्या घरातून बाहेर जायचं नाही, अपशकुन आहे. उजव्यानं लिही. ते मला जमेना. मग सोडूनच दिलं."

"आणि पेन?"

"तुझे बाबा म्हणाले, पडून खराब होईल, मी ऑफिसला नेतो. वाईट मनानं नाही हो. त्यांना वाटलं, निदान वापरात राहील."

"मग पहिला पगार?"

"ते तू निबंधात लिहिलंस. त्यांनी वाचला आणि गप्प राहिले. मीही राहिले."

मला बाबांचा भयंकर राग आला. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून तो अजून तसाच आहे. पण त्याच्यामागोमाग दुसरं आठवलं आणि तो राग माझ्याकडेच वळला. मामाला पत्रं मीच लिहायचो. दहा-अकरा वर्षांचा असेन. आई चूल सांभाळत सांगायची आणि मी लिहायचो, आणि कंटाळा आला की मधली दोन-तीन वाक्यं गाळून 'बाकी सर्व ठीक' असं लिहून मोकळा व्हायचो. ती म्हणायची, "वाच बघू." मी गाळलेली वाक्यं तोंडानं वाचून दाखवायचो, जणू लिहिलीच आहेत. अख्ख्या वाडीची पत्रं लिहिणाऱ्या बाईला मी असं फसवत होतो. तिनं ते कागदाकडे एकदा पाहून ओळखलं असणार, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोपरीला गेलो. पेन पुढे ठेवून म्हणालो, "दगड लावला." त्यांनी भिंगातून पाहिलं. मला वाटलं, आता चार शब्द सुनावतील, आणि मला ते हवेही होते.

"कुणाचं निघालं?" त्यांनी विचारलं.

"आईचं. आहे ती अजून."

त्यांनी भिंग काढून ठेवलं. "गेलेला धातू मला परत घालता येत नाही. दुसरी निब बसवून देतो, डाव्या हाताला चालेल अशी. पण आधी आईंना विचारा."

तिथूनच फोन लावला. आई म्हणाली, "नको. हीच असू दे. लिहून लिहून बसवीन."

मी त्यांना तिचा निरोप सांगितला. ते पहिल्यांदाच हसले. "बसेल की. रोज पानभर लिहिलं तर वर्षा-दीड वर्षात बसेल."

येताना रिक्षात मी चौऱ्याऐंशीत दीड मिळवलं. मिळवायला सोपंच आहे. पण पुलावर रिक्षा थांबली आणि मला रडू आलं. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि बिचाऱ्यानं रेडिओ बारीक केला.

वर्षश्राद्धाला फोटोपुढे पेन ठेवलं नाही. फुलं ठेवली, बाबांना आवडणारी वालाची उसळ ठेवली, भटजींना काही कळायचं कारण नव्हतं. त्या दिवशीही दुपारी जेवणं झाल्यावर आई खिडकीशी बसून दोनशे पानी वहीत लिहीत होती. रोज लिहायची. आतल्या खोलीत आवाज यायचा, खर्र, खर्र. ती खरखर ऐकवत नाही म्हणून सुरुवातीला मी त्या वेळी खाली चक्कर मारायला जायचो. मग जाणं बंद केलं. काय लिहितेस म्हणून एकदा विचारलं, तर म्हणाली, "तुला काय करायचंय? परत गाळशील मधलं."

म्हणजे तिला ठाऊक होतंच.

दसऱ्याला मी पाटावर माझा मायक्रोमीटर ठेवला आणि तिनं पेन ठेवलं. कुंकवाच्या कोयरीकडे तिचा डावा हात गेला. तो तिनं क्षणभर तिथेच धरला, मग मागे घेतला आणि उजव्या हाताच्या बोटानंच कुंकू लावलं. "देवाचं देवाला," ती म्हणाली. कोपरीहून आणलेली कुंकवाची पुडी मी देव्हाऱ्यात ठेवली आहे. अजून तिथेच आहे.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला तिला डोंबिवलीला बँकेत घेऊन गेलो. तीच शाखा आणि काउंटरवर तीच मुलगी. तिनं आईला पाहिलं, हसली आणि सवयीनं शाईचा पॅड पुढे सरकवला. आईनं तो तितक्याच सवयीनं मागे सरकवला. पर्समधून पेन काढलं आणि डाव्या हातानं सही केली. नाव, बाबांचं नाव, आडनाव, वर एक सरळ रेघ. तीन महिन्यांच्या सरावानं पेन थोडं ऐकायला लागलं होतं. एका ठिकाणी अडलं, पण तिनं ते वळवून घेतलं. ती सही मी पहिल्यांदाच नीट पाहत होतो. आमच्या घरात एवढं सुंदर अक्षर कुणाचं नाही.

मुलीनं स्क्रीनवर पाहिलं, कागदावर पाहिलं. "आजी, ही सही मॅच होत नाहीये. गेल्या वर्षी तुम्ही वेगळी केलेली."

माझा आवाज चढायला लागला. मागे रांग होती, सगळे बघायला लागले. आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मुलीला विचारलं, "सही बदलायची तर काय करायला लागतं गं?"

"फॉर्म भरायला लागतो."

"दे मग."

मुलीनं फॉर्म सवयीनं माझ्याकडे दिला. आयुष्यभर आईचे सगळे फॉर्म मीच भरले आहेत, माझाही हात पुढे गेला होता. आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला. बाजूच्या बाकावर बसली, पर्स मांडीवर, पर्सवर फॉर्म. मी तिच्याशेजारी पेनचं टोपण धरून बसलो. नाव, पत्ता, खाते क्रमांक, एकेक रकाना तिनं भरला. खर्र, खर्र. घाई केली नाही. सही बदलण्याचं कारण, या रकान्याशी आल्यावर मात्र थांबली, छताकडे पाहिलं आणि लिहिलं, 'हात बरा झाला.'

काउंटरवर मुलीनं ते वाचलं. वयानं हात बिघडला, थरथरतो, असंच तिथे लोक लिहीत असणार. ती कौतुकानं म्हणाली, "अरे वा! काय झालेलं आजी हाताला?"

"लग्न," आई म्हणाली, आणि टोपणासाठी माझ्यापुढे हात केला.